फुकटचा बिऱ्हाडकरू

विकत घेतलेली वस्तू घरात आणणे सोपे असते. फुकट आलेली वस्तू घराबाहेर काढणे महाकठीण. लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळे, पतपेढीची कॅलेंडरे, चहापूडच्या पुड्याबरोबर मिळालेला प्लॅस्टिकचा डबा! आमच्या माळ्यावरची अडगळ एकदा उपसली, तेव्हा पैसे मोजून आणलेली वस्तू तीत अभावानेच सापडली. पण या बिचाऱ्या वस्तू निदान गप्प तरी बसतात. 'मी आधी आलो आहे, तेव्हा स्टीलचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवा,' असा दावा त्या प्लॅस्टिकच्या डब्याने कधी केलेला नाही. असा दावा करणारी फुकटची वस्तू मला गेल्या वर्षी प्रथमच भेटली, आणि तीही पदरमोड करून घेतलेल्या नव्या कोऱ्या लॅपटॉपच्या पोटात.

मी पेशाने चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आजच्या बोलीत दहावी, आणि वर चित्रकलेचा एक अभ्यासक्रम. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पहिल्या तीन कादंबऱ्या मी फुलस्केप कागदावर शाईने लिहिल्या. चौथीच्या वेळी प्रकाशकांनी नम्रपणे, पण ठामपणे कळवले की, यापुढे कागद नको, फाइल पाठवा. मग मानधनाचा आगाऊ हप्ता आणि सौभाग्यवतींची भिशी यांची युती होऊन लॅपटॉप घरात आला. त्यावर लिहिण्याचे सॉफ्टवेअर आधीच घातलेले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, हे ट्रायल आहे. महिनाभर बिनधास्त वापरा. मग फुल व्हर्शन घ्या."

मी बिनधास्त वापरले. कादंबरीची शेवटली तीन प्रकरणे त्या महिन्यात त्यातच लिहिली. महिना सरला तेव्हा पुन्हा दुकानात गेलो आणि भिशीचा उरलेला भाग मोजून फुल व्हर्शन आणले. खोके चांगले मोठे होते. उघडले तर आत तबकडी नाही, पुस्तिका नाही. एका कार्डावर छापलेली २५ अक्षरांची किल्ली तेवढी होती. "अहो, एवढ्या पैशांत नुसता पुठ्ठा?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

दुकानातल्या मुलाने ते फुल व्हर्शन उतरवून दिले. घरी येऊन पाहतो तो पडद्यावर एकाच नावाची, एकाच रंगाची दोन चिन्हे जुळ्या भावांसारखी शेजारी शेजारी बसलेली. मी प्रकरणाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. प्रकरण उघडले, पण माथ्यावर लाल पट्टी झळकली : मुदत संपली आहे, विकत घ्या. अरे, विकत तर घेतले आहे! प्रकरण वाचता येत होते, छापताही आले असते. लिहिता मात्र एक काना येत नव्हता. माझी नायिका स्टेशनवर अर्धे वाक्य बोलून उभी राहिली होती आणि तिच्या तोंडून पुढचा शब्द काढायला मला परवानगी नव्हती. प्रकाशकाला दिलेला वायदा आठ दिवसांवर आला होता. माझ्याच पैशांचा मालक बाहेर ओसरीवर उभा, आणि नमुना म्हणून आलेला पाहुणा आत कडी लावून बसलेला, असा तो प्रकार होता.

दुकानात फोन केला. "सर, रीस्टार्ट करून बघा," एवढाच उपाय त्यांच्यापाशी होता. तो मी चार वेळा केला.

या रोगाचे निदान केले ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. बाई तासिकेवर नेमलेल्या. वय तिशीच्या आत. संगणकाची खोली त्याच सांभाळत. त्यांनी लॅपटॉप पाहिला आणि हसून म्हणाल्या, "सर, घर तुमच्या नावावर झालंय, पण सातबारा जुन्याच्याच नावावर आहे."

ही उपमा माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला एका क्षणात पटली. विंडोजच्या पोटात एक नोंदवही असते. १९९२ साली ३.१ या आवृत्तीबरोबर ती आली तेव्हा लहानशी चोपडी होती. १९९५च्या आवृत्तीपासून तिचे तलाठ्याचे अख्खे दप्तर झाले. कोणत्या शेपटीची फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडायची, कोणाची मुदत किती, कोणाची किल्ली खरी, याच्या बऱ्याचशा नोंदी तिथे राहतात. ट्रायल कारखान्यातूनच आलेले, म्हणून तिथे त्याचे नाव आधी चढलेले. मागाहून आलेल्या अस्सल मालाने घर गाठले, पण फेरफार झालाच नाही! फाइलवर टिचकी मारली की दप्तर जुन्याच गृहस्थाला हाक मारी, आणि तो येऊन मुदत संपल्याचे रडगाणे गाई. कधी कधी तर याहून वाईट घडते, असे बाई म्हणाल्या. आत बसलेले बत्तीस बिटांचे आणि येणारे चौसष्ट बिटांचे असेल, तर ते येणाऱ्याला उंबराच ओलांडू देत नाही.

व्हायरसच्या राखणदारांचे भांडण याहून गमतीचे. माझ्या लॅपटॉपवर त्याचेही एक ट्रायल होतेच. असे दोन राखणदार एका दारी ठेवले, तर उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही एकाच वेळी धरतात, यंत्र बैलगाडीच्या गतीने चालू लागते, आणि एकाच्या झोळीतल्या चोरांच्या खुणा पाहून दुसरा त्यालाच चोर समजू शकतो. विंडोजचा घरचा राखणदार मात्र समंजस. बाहेरचा कोणी रुजू झाला की तो आपणहून काठी खाली ठेवतो.

नमुना देण्याची चाल मुळात वाईट नव्हे. चिवडा घेण्याआधी चिमूटभर हातावर मागण्याचा हक्क आपण कोणीच सोडणार नाही. संगणकाच्या जगात ही चाल आली तीही मोठ्या भल्या मनाने. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ या दोघांनी, एकमेकांची ओळख नसताना, जवळजवळ एकच युक्ती काढली. आपला प्रोग्रॅम लोकांना वापरू द्यायचा, मित्रांना वाटू द्यायचा, आणि आत एक विनंती लिहायची : आवडला तर पैसे पाठवा. नॉफ या शब्दाचा जर्मन अर्थ बटन. म्हणून हा गृहस्थ आपल्या प्रोग्रॅमवर 'जिम बटन' या नावाने वावरे. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस याने 'पीसी-राइट' नावाचा लिहिण्याचा प्रोग्रॅम याच रीतीने वाटायला काढला. त्यात लाल पट्टी नव्हती, कुलूप नव्हते. सगळा कारभार वापरणाऱ्याच्या सदसद्विवेकावर सोपवलेला, आणि तरी लोकांनी पैसे पाठवले!

मग व्यापार शहाणा झाला. सॉफ्टवेअरवाले यंत्रवाल्यांना पैसे देऊन आपला नमुना आधीच आत बसवून घेऊ लागले. त्यामुळे यंत्र थोडे स्वस्त पडते हे खरे. पण चिवडेवाल्याने हातावर चिमूट ठेवण्याऐवजी आपल्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसावे, तसे हे झाले. नमुना नको असेल तर त्याने आपल्या पायांनी जावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. जुन्या वाड्यात राहिलेल्या मंडळींना ती किती भाबडी आहे हे ठाऊक असेल.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी शिक्षकांच्या खोलीत शस्त्रक्रिया मांडली. मला एकच धास्ती होती. ती तीन प्रकरणे ट्रायलमध्ये लिहिलेली. ट्रायल काढले की तीही त्याच्याबरोबर जाणार! बाईंनी प्रथम त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो माझ्या हातात दिला, नि मग म्हणाल्या, "शाईची बाटली फेकली म्हणून वहीतलं पुसलं जात नाही, सर."

मग त्यांनी आधी नवे काढले, नंतर जुने काढले, यंत्र बंद करून चालू केले. एवढ्याने भागत नाही. मागे राहिलेल्या नोंदी खरडून काढण्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीच एक वेगळी केरसुणी केलेली असते. ती फिरवली. यंत्र पुन्हा बंद, पुन्हा चालू. त्यानंतर फुल व्हर्शन एकट्याने घरात आले, २५ अक्षरांची किल्ली लागली, आणि या शेपटीच्या फाइली यापुढे तूच उघडायच्या, असे त्याला बजावून झाले. दीड तास लागला. मी फाइलवर टिचकी मारली. लाल पट्टी नव्हती. नायिकेने वाक्य पुरे केले.

पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "माझीही मुदत या महिनाअखेर संपते."

ते मला ठाऊक होते. पवित्र पोर्टलवरून गणिताचे कायम शिक्षक आमच्या शाळेला मिळाले होते. जागा रीतसर भरली जावी हे योग्यच. त्या नव्या सरांनीही परीक्षा देऊन कित्येक वर्षे वाट पाहिली होती. पण चार वर्षे तासाच्या हिशेबाने राबलेल्या बाईंना निरोपाचा नारळ देतानाही शाळेच्या कचेरीत 'व्यवस्था' हाच शब्द वापरला गेला, तो मला लागला. मी चहा मागवला. त्यापलीकडे काय बोलावे ते सुचले नाही.

जाण्याआधी बाईंनी नव्या सरांसाठी एक वही लिहून ठेवली. ती मी चाळली. कोणाला फळ्यावरचे दिसत नाही पण तो सांगत नाही, कोणाला पाढे येतात पण सर्वांसमोर म्हणता येत नाहीत, कोणाची आई ऊसतोडीला गेली की त्याचा गृहपाठ होत नाही, अशा नोंदी पानोपानी होत्या. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. नव्या सरांच्या मेजावर ती ठेवून त्या गेल्या. आता तालुक्याच्या गावी एका खाजगी वर्गात शिकवतात. पुन्हा तासावरच.

मुलांच्या मनातला फेरफार मात्र अजून झालेला नाही. उदाहरण अडले की ती संध्याकाळी बाईंनाच फोन करतात. नव्या सरांना हे कळले, तेव्हा ते रागावतील असे मला वाटले होते. परवा मधल्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले, थोडे घुटमळले आणि त्यांनी बाईंचा नंबर मागितला. सातवीतल्या एका मुलाला अपूर्णांकांचा भागाकार त्या कसा समजावून देत, ते त्यांना विचारायचे होते.