श्रावणातले चार शुक्रवार

आमच्या नंदगडात गाण्याचा दुष्काळ कधी पडला नाही. एकादशीला भजन असते, गणपतीत बेंजो असतो, लग्नात बँड असतो आणि संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला येणाऱ्या मंडळींच्या तोंडी कन्नड पदे असतात. १८३१ च्या जानेवारीत इंग्रजांनी रायण्णाला येथे फाशी दिले. त्याच्यावरची गाणी तोंडातोंडी आजवर चालत आली. 'रॉक' आणि 'इंडी' हे शब्द मात्र आमच्या वेशीच्या आत फारसे येत नाहीत. कॉलेजात ती इंग्रजी माध्यमातून आलेल्यांची मिरास समजली जाते. मराठी शाळेतून आलेल्याने वर्गात हिंदी सिनेमाचे गाणे गुणगुणावे, फार तर नाट्यगीत म्हणावे, असा एक अलिखित नियमच आहे म्हणा ना.

मग मी त्या वाटेला गेलो कसा? तर एका हिशोबापायी.

माझा एक मित्र आहे. नंदगडहून खानापूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आमची ओळख झाली. तो कन्नड शाळेत शिकलेला, मी मराठी. तो माझ्याशी मराठीत बोलतो आणि मी त्याच्याशी कन्नडमध्ये. दोघांच्याही चुका होतात, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. त्याच्यापाशी एक जुनी गिटार आहे, साडेसात हजारांना घेतलेली. २०२३ साली त्याने स्वतः रचलेले एक कन्नड गाणे ध्वनिमुद्रित करून मोबाईलवर गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीकडे चढवले. वर्षभरात ते ६१३ वेळा ऐकले गेले. हातात पैसा आला शून्य.

२०२४ च्या पावसाळ्यात त्याला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून कामाचे बोलावणे आले. गणपतीनंतर रुजू व्हायचे होते. घरचे म्हणाले, आता गिटार विकून टाक, त्या पैशात सेकंडहँड सायकल तरी येईल. तो माझ्याकडे आला. "तू कॉमर्सचा नव्हे? बघ की जरा हिशोब करून. ठेवू की विकू?"

मी म्हणालो, श्रावण संपेपर्यंत थांब. ज्यांनी असले गाणे हाच व्यवसाय केला आहे, त्यांची वही आधी पाहू. आणि मी खरोखरच दोनशे पानी वहीत किर्द लिहायला घेतली.

पहिली गंमत वाराची निघाली. पूर्वी नवे रेकॉर्ड अमेरिकेत मंगळवारी निघत आणि इंग्लंडात सोमवारी. १० जुलै २०१५ पासून साऱ्या जगाने एकच वार ठरवला, तो शुक्रवार. आता श्रावणातला शुक्रवार म्हणजे आमच्या घरी जिवतीचा वार. भिंतीवर जिवतीचा कागद, आघाड्याची माळ, फुटाणे आणि मुलांना औक्षण. म्हणजे सकाळी आत्या मला ओवाळायची आणि त्यानंतर बसमध्ये मी आणि मित्र एकाच वायरची दोन टोके दोघांच्या कानांत घालून जगाचा नवा माल तपासायचो. वाटेत मोबाईलची रेंज जाते, म्हणून गाणी आधीच उतरवून ठेवावी लागत.

आषाढ सरता सरताच पहिली नोंद पडली. अमेरिकेतला जॅक व्हाइट हा एके काळी डेट्रॉइटमध्ये खुर्च्या-सोफ्यांना कापड ठोकण्याचे काम करणारा गडी. आज त्याची स्वतःची रेकॉर्ड कंपनी आहे. १९ जुलै २०२४ रोजी त्याच्या दुकानांत जे कुणी काही विकत घ्यायला आले, त्यांच्या पिशवीत दुकानदारांनी एक कोरी पांढरी रेकॉर्ड फुकट सरकवली. ना गायकाचे नाव, ना गाण्यांची यादी. लोकांनी तिच्या प्रती काढून वाटाव्यात असे कंपनीनेच सुचवले, आणि २ ऑगस्टला 'नो नेम' या नावाने ती रीतसर बाजारात आली. मी किर्दीत लिहिले : 'माल फुकट. जमा : लोकांचे कुतूहल.' मित्र म्हणाला, "त्याचं दुकान हाय, म्हणून चालतंय." हेही मी लिहून ठेवले.

श्रावणातला पहिला शुक्रवार, ९ ऑगस्ट, नेमका नागपंचमीचा. मित्राच्या घरून उंड्या आल्या होत्या. त्या दिवशी दोन संग्रह निघाले. एक ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या वाद्यवृंदाचा. नाव वाचतानाच बस खानापूरला पोचते! २०१० साली सुरू झालेल्या या मंडळींचा हा सव्विसावा संग्रह. २०१७ या एका वर्षात त्यांनी पाच काढले होते, आणि त्यांतला एक तर फुकट देऊन, ज्याला हवे त्याने छापून विकावा अशी मुभा दिली होती. दुसरा संग्रह दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा, नाव 'बीटा', वाचाल तसे 'बेटा' सुद्धा. २००९ पासून ही मंडळी एकत्र आहेत. मला त्यांचे इंग्रजी शब्द पहिल्या ऐकण्यात निम्मे कळले, चालीतली उदासी मात्र पुरती कळली. भीमसेन जोशींचे कन्नड दासपद ऐकताना आमच्या आत्याला तरी कुठे सगळे शब्द कळतात? डोळे पुसायचे थोडेच राहतात!

दुसरा शुक्रवार, १६ ऑगस्ट. मित्राच्या घरी वरमहालक्ष्मीचे व्रत होते आणि मला जेवणाचे आमंत्रण होते. त्या दिवशी नवे काही ऐकले नाही. जेवण झाल्यावर मित्राने रघू दीक्षित लावला. नाशिकला जन्मलेला आणि म्हैसूरला वाढलेला हा गायक. २००८ सालच्या त्याच्या पहिल्या संग्रहात गिटार आणि ड्रम वाजतात, पण त्यांतले काही शब्द आहेत संत शिशुनाळ शरीफांचे. शरीफ (१८१९ ते १८८९) हे शिग्गावजवळच्या शिशुविनहाळचे. जन्माने मुसलमान, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण, आणि भाषा धारवाडकडची, शेतावरची. सी. अश्वत्थांनी त्यांची पदे घरोघरी पोचवली होती, दीक्षितांनी ती रॉकच्या मंचावर नेली. मित्राची आई भांडी आवरता आवरता त्या गाण्याबरोबर म्हणू लागली. तिला रॉक म्हणजे काय ते ठाऊक नाही, पद ठाऊक आहे.

बसमध्ये परतताना माझ्या मनात आले, मराठीत असे कोण? शोधल्यावर नंदू भेंडे सापडले. प्रसिद्ध नट आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. सत्तरीच्या दशकात मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांत गायले, १९७४ च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मध्ये ज्यूडास झाले आणि १९७८ साली पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा' त उभे राहिले. म्हणजे मराठी माणसाने ही वेस कधीच ओलांडली आहे. घाट उतरून गोव्यात गेलो तर शिवोलीचे रेमो फर्नांडिस भेटतात. १९८४ साली त्यांनी 'गोअन क्रेझी' ही कॅसेट घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केली, वाद्ये स्वतः वाजवली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन दिली. 'इंडी' या शब्दाचा अर्थ मला कोशात कळला नव्हता, तो या स्कूटरवर कळला.

तिसरा शुक्रवार, २३ ऑगस्ट. आयर्लंडच्या फाँटेन्स डी. सी. या वाद्यवृंदाचा 'रोमान्स' निघाला. डी. सी. म्हणजे डब्लिन सिटी. तो ऐकून आम्ही मागे गेलो, त्यांच्या २०२२ च्या संग्रहापर्यंत. त्यातल्या पहिल्याच गाण्यामागे एक खरी हकीकत आहे. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे एक आयरिश बाई वारली. मुलांना तिच्या थडग्यावर आयरिश भाषेत 'आमच्या हृदयात सदैव' अशा अर्थाचे शब्द कोरायचे होते. २०२० साली चर्चच्या न्यायाधीशाने सांगितले, इंग्रजी भाषांतर जोडल्याशिवाय कोरता येणार नाही. घरचे लोक अपिलात गेले आणि २०२१ साली जिंकले.

ही हकीकत मी मित्राला सांगितली तेव्हा बस मलप्रभेच्या पुलाजवळ होती. दोघेही काही वेळ बोललो नाही. पाटीवरच्या आणि दगडावरच्या अक्षरांची किंमत आमच्या भागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. मग तो सावकाश म्हणाला, "माझं पुढलं गाणं दोन भाषेत करू या काय? अर्धं तू लिही." मी किर्दीत काही लिहिले नाही. ते कोणत्या खात्यावर घालावे हेच कळेना.

चौथा शुक्रवार, ३० ऑगस्ट. निक केव्ह यांचा 'वाइल्ड गॉड' आला. हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रेलियाचे, वयाने साठीच्या पुढचे. त्यांचा एक मुलगा २०१५ साली गेला, दुसरा २०२२ साली. २०१९ चा त्यांचा संग्रह नुसता शोकाचा होता. या वेळी मात्र समूहगान आहे, उभारी आहे, जवळजवळ देवळातला गजर. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात मोबाईलवर ते लावले होते. आत्या औक्षणाचे ताट घेऊन आली. "कोण रे हा? भजनी मंडळातला काय?" मी सांगितले, दोन मुलगे गेलेला बाप आहे. जिवतीच्या त्या कागदाकडे बघत ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "गाऊ दे बाबा त्याला. गाण्यानं माणूस उभा राहतोय." आणि माझ्या कपाळाला कुंकू लावले.

असो. सोमवारी सुरू झालेला तो श्रावण सोमवार-मंगळवारी सरला, आणि हिशोब द्यायची वेळ आली. वही घेऊन बसलो. मोबाईलवरच्या गाण्यांचा धंदा साधारण असा चालतो : महिन्याची सारी जमा एका ढिगात येते, कंपनी आपला वाटा ठेवते आणि उरलेली रक्कम ज्याचे गाणे जितके वाजले त्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे मी महिनाभर फक्त माझ्या मित्राचे गाणे ऐकले, तरी माझे पैसे त्याला मिळतीलच असे नाही, ते आधी ढिगात जातात. शिवाय एका मोठ्या कंपनीने २०२४ पासून नियम केला की, बारा महिन्यांत निदान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच द्यायचे नाही. मित्राचे ६१३. बँडकँपसारख्या ठिकाणी ऐकणारा थेट कलावंताकडून विकत घेतो आणि डिजिटल गाण्यावर कंपनी १५ टक्के घेते. हा बरा मार्ग, पण त्याला विकत घेणारे हवेत.

तेव्हा नुसत्या रोख जमाखर्चाने पाहिले तर गिटार विकावी हेच उत्तर येते. पण आम्हांला वर्गात शिकवले आहे की, एखाद्या पेढीची किंमत गल्ल्यातल्या रोकडीने ठरत नाही. 'ख्याती' नावाचे एक खाते असते, ते हाताला लागत नाही, तरी ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते. ६१३ वेळा कुणीतरी ते गाणे ऐकले. आमच्या गावातल्या भजनाला एकादशीला साठ माणसे असतात आणि आम्ही म्हणतो, देऊळ भरले! आणि माझ्या किर्दीत ज्यांची नावे आली, त्यांत गाण्याआधी सोफे शिवणारा होता, कॅसेटी स्वतः वाहणारा होता. हाताला काम असणे आणि तोंडात गाणे असणे यांत वैर नाही. माझा निकाल असा : नोकरी धर, गिटार ठेव. तिच्यावर दरवर्षी घसारा लावीत जाऊ, पण वहीतून खोडायची नाही.

मित्राने निकाल मानला. घरी मात्र त्याला दोन दिवस बोलणी खावी लागली आणि सायकल आली नाही. तो आता उद्यमबागेत पाळीवर जातो, हातांना तेलाचा वास येतो, आणि बोटांवर गिटारच्या तारांचे घट्टे जाऊन यंत्राचे घट्टे येऊ लागले आहेत. दर रविवारी आम्ही बसतो. दोन भाषांतले गाणे निम्मे झाले आहे. माझे कडवे त्याला अजून पसंत नाही.

वाचकहो, या अंकात मराठी विभाग आणि कन्नड विभाग वेगवेगळ्या पानांवर आहेत, ते छापखान्याच्या सोयीसाठी. तुमच्या बाकावर शेजारी बसणारा कुणी असे काही गात, वाजवीत, लिहीत असेल. ते कोणत्या भाषेत आहे हे विचारण्याआधी एकदा ऐका. आवडले तर त्याला दहा रुपये द्या, न आवडले तर तसे तोंडावर सांगा. दोन्ही नोंदी त्याच्या जमेच्या बाजूलाच पडतील.