पलीकडचा काठ

आमच्या सिरोंच्याचा भूगोल फार सोपा आहे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला प्राणहिता, आणि प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते तिथे समोरच्या काठावर काळेश्वर. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पलीकडे नाही. त्यामुळे संध्याकाळी पुलाकडे निघालेल्या माणसाला 'कुठे निघालात?' असं विचारणं आमच्याकडे असभ्य समजतात. फार तर 'दर्शनाला का?' असं विचारावं. तोही 'हो' म्हणतो. काळेश्वरच्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक शिवाचं आणि एक यमाचं. तेव्हा तो अगदीच खोटं बोलतो असंही नाही.

अशा गावात जन्मभर मास्तरकी केलेला मी परदेशात, रीतसर तिकीट काढून, धर्मपत्नीच्या शेजारी बसून दारू चाखायला गेलो. हे वाक्य लिहितानासुद्धा मागे हेडमास्तर उभे आहेत असं वाटतं.

त्याचं असं झालं. आमचा जावई पोर्तुगालमधल्या ब्रागा या गावी संशोधक आहे. कशावर संशोधन करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं आणि मी तिन्ही वेळा मान हलवली. सासरे आले म्हणजे त्यांना हिंडवलं पाहिजे, या कर्तव्यबुद्धीनं त्यानं एका रविवारची सहल ठरवली. पन्नासेक किलोमीटरवरचं पोर्तो हे बंदराचं जुनं शहर, सोबत गाइड, दुपारी वाईन चाखणे, संध्याकाळी परत.

"वाईन?" सौ.चा आवाज चढला. "मी नाही येत बाप्पा!"

"आई, ते ऐतिहासिक आहे," मुलगी म्हणाली.

"दारू ऐतिहासिक झाली म्हणून काय ताक होते?"

मी गप्प होतो. खरं सांगायचं तर माझ्या मनात लाडू फुटत होते. सत्तरी आली, पण या पदार्थाची चव ठाऊक नाही. नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ बायकांना बरोबर कळतो. "मी येते," सौ. म्हणाली. "लक्ष ठेवायला."

आमची गाइड म्हणजे एक हसरी, सडपातळ मुलगी. हातात लाल छत्री. छत्री वर झाली की आम्ही वीस जणांनी जमायचं, हे पाहून मला माझी चौथी 'ब' आठवली. तिनं आधी आम्हाला साओ बेंतो नावाचं रेल्वे स्टेशन दाखवलं. बाकीचे युरोपियन जरा नाराज दिसले. पण ज्याच्या गावाला रेल्वेच नाही, त्याला कुठलंही स्टेशन ताजमहालच! हे तर भिंतींवर वीसेक हजार निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं असलेलं. एका चित्रात १४१५ साली आफ्रिकेतलं सेउता जिंकलं तो प्रसंग आहे. त्या स्वारीतला राजपुत्र हेन्री याच पोर्तोत जन्मला. त्यानं पुढे गलबतं दूरदूर धाडायला सुरुवात केली आणि त्या वाटेनं पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आणि १५१० मध्ये गोव्यात पोचले. 

हे ऐकून मी गाइडला म्हटलं (मुलीनं भाषांतर केलं), की बाई, तुमचे लोक जाताना आमच्याकडे बरंच सामान विसरून गेले. चावी, बादली, साबण, घमेलं, पाव! एकेक शब्द ऐकून ती टाळ्या वाजवायला लागली. सौ.ला मात्र धक्का बसला. "म्हणजे मी रोज सकाळपासून पोर्तुगीज बोलते?"

मग नदी आली. दोरू तिचं नाव. इथून जराशी पुढे गेली की अटलांटिक महासागरात शिरते. तिच्यावर १८८६ सालचा लोखंडी दुमजली पूल. वर मेट्रो, खाली रस्ता. अलीकडच्या काठावर पोर्तो शहर, एकावर एक चढलेली रंगीत घरं. पलीकडच्या काठावर गाया नावाचं दुसरं गाव आणि तिथे लांबच लांब कौलारू वखारी.

"वाईन कुठे आहे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

गाइडनं छत्रीनं नदीपलीकडे दाखवलं.

मी आणि सौ.नं एकमेकांकडे पाहिलं. आठ हजार किलोमीटर येऊन शेवटी हेच!

गाइडनं कारण सांगितलं. पलीकडचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. ऊन कमी, गारवा जास्त, म्हणून पिंपं तिकडे. द्राक्षाचे मळे वर डोंगरात, पूर्वी नावांतून पिंपं खाली यायची. आम्ही पूल ओलांडला. मनातल्या मनात मी 'दर्शनाला' असं म्हणून घेतलं.

वखारीत अंधार, ओलसर गारवा आणि मोहफुलं वाळत घातल्यावर येतो तसा काहीसा दाट वास. गाइड सांगू लागली. द्राक्षाचा रस दोन-तीन दिवस आंबू देतात. आंबता आंबता त्यातली साखर संपत जाते आणि नशा वाढत जाते. निम्मीअर्धी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षाचंच कडक मद्य ओततात. आंबवणारे जीव मरतात, आंबणं थांबतं, गोडी राहते. "सगळी कला," ती म्हणाली, "वेळेवर थांबवण्यात आहे."

आमच्याकडे ताडी असते. पहाटे गोड आणि दुपारपर्यंत आंबट, कडक. तिला मध्येच थांबवणारं कोणी नसतं.

आमच्यासमोर दोन-दोन पेले आले. एक लाल, एक तांबूस. इतक्यात सौ. मुलीला म्हणाली, "तिला विचार गं, इथे पिंपं हलवणाऱ्या माणसांचा पगार घरी पोचतो का?"

मुलगी भाषांतर करणार तोच गाइडनं घाईघाईनं हात हलवले. "नो, नो! नो पगार! तिकिटातच आलं!"

पगार हा शब्दही त्यांचाच निघाला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे देणे. सगळं टेबल हसलं. सौ.सुद्धा हसली. मी मात्र जरा उशिरा हसलो.

कारण पगार म्हटलं की मला दादा दिसतो. माझा थोरला भाऊ. सरकारी नोकरी, सुंदर अक्षर, पेटी वाजवायचा. तेव्हा दारूसाठी नदी ओलांडावी लागत नसे, बाजार ओलांडला की पुरे. एक तारखेला वहिनी दारात उभ्या असायच्या आणि दादा तीन तारखेला यायचा. मी चौथी 'ब' ला शिस्त लावत होतो. दादाला एकदाही 'पुरे' म्हणालो नाही. थोरल्याला कसं म्हणायचं? १९९० साली तो गेला, बेचाळिसाव्या वर्षी. पुढे दारूमुक्तीचं आंदोलन पेटलं तेव्हा वहिनी आणि सौ. एसटीनं दोनशे किलोमीटर गडचिरोलीला मोर्चाला गेल्या. मी घरी मुलं सांभाळली. तेवढंच माझं योगदान.

मुलीनं प्रश्न नीट समजावला. गाइडचं हसू जरा कमी झालं. "माझे आजोबा इथेच पिंपं लोटायचे," ती म्हणाली. "पगाराच्या दिवशी आजी फाटकाशी येऊन उभी राहायची."

सौ.नं तिच्या हातावर हात ठेवला. याचं भाषांतर कोणी केलं नाही.

मग सौ.नं समोरचा लाल पेला उचलला आणि ओठाला लावला. मी बघतच राहिलो.

"गोड आहे हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "भाऊजींची अशी नव्हती."

मीही एक घोट घेतला. काकवीत कोणीतरी निखारा विझवलाय असं वाटलं. वाईट नव्हतं. दुसऱ्या पेल्याकडे हात गेला, तेव्हा सौ.नं काही म्हटलं नाही. नुसतं पाहिलं. मी पेला जावयाकडे सरकवला. त्यानं आदरानं नाही म्हटलं आणि माझी पाठ वळताच संपवला. संशोधक माणूस!

महिन्याभरानं सिरोंच्याला परतलो. वहिनी आता ऐंशीला टेकल्यात. सौ.नं त्यांच्यासाठी पोर्तुगालचा साबण आणला होता. तो हुंगत त्यांनी विचारलं, "तिकडे काय पाहिलं?"

"मोठी नदी आहे," सौ. म्हणाली. "तिच्यावर दुमजली पूल."

"आणि पलीकडे?"

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

"दर्शनाला गेलो होतो," सौ. म्हणाली.

वहिनी सिरोंच्यातल्याच. त्यांनी पुढे विचारलं नाही.