जागलीची सायकल

चणा घाट्यावर आला की आमच्या गावात माणसांचे दोन प्रकार होतात. रात्री घरी झोपणारे अन् रात्री वावरात झोपणारे. नाल्यापलीकडं ज्याचं वावर आहे त्याला दुसऱ्या प्रकारातच मोडावं लागतं.

माझा दोन एकर चणा अन् एक एकर मका यंदा त्याच बाजूला आहे. गावापासून साडेतीन किलोमीटर. पहिला दीड किलोमीटर डांबरी, मग एक किलोमीटर पांदण, मग नाला, अन् शेवटी धुऱ्याधुऱ्यानं पायवाट. पलीकडं लगेच जंगल लागतं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, टिपेश्वरच्या बाजूचे. म्हणजे डुक्कर, रोही, अस्वल हे सगळे शेजारीच समजा, अन् वाघाचीही ये-जा असते.

लोक विचारतात, "भाऊ, घरी गाडी हाय ना, मंग सायकल कायले?" पेट्रोल वाचतं हे खरं, पण ते सगळ्यात लहान कारण आहे. मोठं कारण डुकराच्या डोळ्यात आहे.

टॉर्च मारला की रोह्याचे डोळे लांबून चमकतात. तुम्ही पाहिलं असेलच. डुकराचे तसे चमकत नाहीत. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला एक चमकणारा थर असतो, तो डुकराला नसतो. त्यामुळं वीस डुकरं मक्यात असली तरी धुऱ्यावरच्या माणसाला टॉर्चमधे नुसता मका दिसतो. डुक्कर कानानं शोधावं लागतं. धांडा मोडल्याचा कटकन् आवाज, घाटे चावल्याची कचकच, पिल्लांची कुईकुई. आता मोटारसायकलवर बसून हे ऐकून दाखवा! अन् डुकराची नजर बेताची असली तरी नाक-कान तेज. गाडी पांदणीत शिरली की त्याला आधी कळतं. कळप झुडपात सरकतो, गाडी बंद होते, माणूस मचाणावर चढतो, त्याचा डोळा लागतो, की कळप परत वावरात.

पुतण्यानं एकदा मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या सायकली दाखवल्या. तिकडं जंगलातले काही रस्ते मोटारगाड्यांना बंद असतात, तिथं हे लोक सायकलनं आत जातात. चार इंच रुंद टायर, हवा अगदी कमी, मागं एका चाकाची छोटी गाडी, येताना मांस तिच्यावर. आपल्याकडं शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे, अन् पीक खाल्लं म्हणून आपल्या मनानं डुक्कर मारणं हाही गुन्हाच. पण ते पाहताना एक गोष्ट डोक्यात बसली. शिकाऱ्याला जशी सायकल लागते तशीच जागल्याला लागते. आवाज न करणारी, ओझं वाहणारी अन् अंधारात दगा न देणारी. फरक एवढाच, की त्याला जनावर गाठायचं असतं अन् आपल्याला हाकलायचं.

तर सायकल कोणती घ्यावी?

ते चार इंची टायर आपल्या कामाचे नाहीत. पंक्चर झालं तर आठवडी बाजारात ना टायर मिळणार ना ट्यूब. दुकानात पोरांसाठी पुढं-मागं शॉकअप लावलेल्या सायकली असतात. स्वस्तातले शॉकअप वजनाला जड, वर दर खड्ड्याला कुरकुरतात. मी घेतली ती जुनी काळी उभी सायकल, दूधवाल्याची असते तशी. २८ इंची चाकं, दीड इंची टायर, वजन २० किलोच्या आसपास. मोठं चाक बैलगाडीच्या चाकोरीतून अन् दगडावरून सहज निघतं. कॅरियर मजबूत असतं. अन् मुख्य म्हणजे हिचा प्रत्येक भाग तालुक्याला मिळतो, अन् एका पान्यानं खोलता येतो. तरण्या पोरानं बिनाशॉकअपची, दोन इंची टायरची रेंजर घेतली तरी चालेल, फक्त तिला कॅरियर नीट बसतं का ते पाहा.

जुनी घेताना रंग पाहू नका. चाक उचलून फिरवा अन् आउट किती ते पाहा. चिमटा समोरून अन् बाजूनं पाहा, वाकलेला असेल तर सोडून द्या. दांडीच्या सांध्यांवरून बोट फिरवा, चीर लागते का बघा. पॅडलचा दांडा धरून आडवा हलवा, खडखडला तर आतले छर्रे-कटोऱ्या बदलायचा खर्च भावातून कमी करून मागा.

मागचं फ्रीव्हील बहुतेक १८ दात्यांचं असतं. मी २२ चं टाकलं. डांबरीवर वेग कमी झाला, पण तेवढ्याच चढाला जोर जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमी लागतो. पाठीमागं पाण्याची कॅन असली की हा पाचवा हिस्सा गुडघ्याला कळतो. चेनची एखादी कडी वाढवावी लागते, मिस्त्रीला सांगितलं की तो करतो.

आता आवाजाचं. नवी सायकलसुद्धा पांदणीत भांड्याच्या टोपल्यासारखी वाजते. एका दुपारी सायकल उचलून आपटा अन् कुठून काय वाजतं ते ऐका. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, ब्रेकच्या सळया, कॅरियरची स्प्रिंग. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा अन् जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं गुंडाळा. चेनकव्हर मी काढूनच टाकलं, पायजमा मोज्यात खोचतो. फ्रीव्हीलची टिकटिक उतारावर लांब जाते, पण पाय हळूहळू फिरवत राहिलं की ती बंद होते.

काटा हा दुसरा शत्रू. आमच्या पांदणीला दोन्हीकडं बाभूळ अन् बोर, खाली सराटे. यावर जुना इलाज आहे. टाकून दिलेल्या टायरच्या दोन्ही कडा कापायच्या अन् मधला पट्टा चालू टायरच्या आत, ट्यूबच्या वरून बसवायचा. पट्ट्याची टोकं घासून पातळ करा, नाहीतर तीच ट्यूब खातात. सायकल थोडी जड चालते, पण रात्री एक वाजता नाल्यात पंक्चर काढण्यापेक्षा बरी. काटा रुतलेला दिसला अन् हवा टिकून असेल तर तो वाटेत उपटू नका. घरी येऊन काढा. सोबत एक पान, छोटा पंप, पॅच-सोल्युशन अन् बोटभर व्हॉल ट्यूब ठेवा. ती नळी दोन-चार रुपयांची असते, पण ती फाटली की पंप असून उपयोग नाही.

ओझं कसं बांधावं, हे मला बैलावरच्या खुर्जीनं शिकवलं. वजन खाली अन् दोन्ही बाजूला सारखं. ताडपत्रीच्या तुकड्याच्या दोन पिशव्या शिवून कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सोडल्या आहेत. एकीकडं पाच लिटर पाणी, दुसरीकडं झटका मशीनची बॅटरी, डबा अन् पान्याची थैली. बॅटरी १२ व्होल्टची, दोन-अडीच किलोची, घरी चार्ज करून रोज न्यावी लागते. वर फक्त घोंगडी. उंच बांधलेलं ओझं धुऱ्यावर माणसाला सायकलसकट खाली लोटतं.

नाल्यात अन् चढावर बसायचा हट्ट करू नका. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी डोंगरातून दोन-दोन क्विंटल माल सायकलींवर नेला, अन् तो चालवत नाही तर ढकलत. हँडलला बांबू बांधून तो लांब केला अन् सीटच्या जागी दुसरा बांबू उभा केला, म्हणजे बाजूनं चालणाऱ्याला धरायला सोपं. मीही सीटच्या मागं हातभर बांबू बांधला आहे. ढकलताना कंबर वाकत नाही. अन् वाघाच्या मुलखात रात्री न वाकणं महत्त्वाचं, हे जंगलाकाठच्या माणसाला सांगायला नको.

काळ्या मातीत पाऊस पडला असेल तर हे सगळं शहाणपण बाजूला ठेवा. मडगार्ड अन् टायरमधे गारा भरला की चाक फिरतच नाही. पावसाळ्यात मी मडगार्ड काढतो, तरी पांदण ओली असली की सायकल डांबरीलाच ओळखीच्या घरी लावून पायी जातो. कोरड्यातही दोन पायांचं स्टँड भुसभुशीत मातीत रुततं, म्हणून खाली चपटा दगड ठेवायचा.

उजेडाला डायनॅमो नको. तो घरघर करतो अन् सायकल थांबली की विझतो. आपल्याला तर थांबल्यावरच जास्त लागतो. डोक्याला पट्ट्यानं बांधायची टॉर्च घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. ब्रेकचे रबर हिवाळ्याच्या तोंडी बदला, दवानं ओल्या झालेल्या लोखंडी रिमवर झिजलेला ब्रेक लागत नाही.

एवढं आवाज बंद करा सांगितलं, आता उलटं सांगतो. घंटी चांगली मोठी लावा. बिनआवाजी सायकलचा सगळ्यात मोठा धोका अस्वल आहे. त्याला माणूस लांबून कळला तर ते बहुतेक वेळा वाट सोडतं, पण वळणावर एकदम समोर आलं तर घाबरून अंगावर येतं. वाघालाही आपण येतोय हे कळलेलं बरं. म्हणून पांदणीत घंटी वाजवत, मोठ्यानं बोलत जायचं. नाला ओलांडला, आपला धुरा लागला, की घंटी बंद अन् कान उघडे. मागच्या पंधरवड्यात याच हिशेबानं गेलो तर मक्याच्या खालच्या कोपऱ्यातून कचकच ऐकू आली, मी अजून मचाणापासून शंभर पावलं लांब होतो. तिथूनच डबा बडवला. कळप नाल्याकडं पळाला. सकाळी पाहिलं तर चार-पाच ओळी आडव्या झाल्या होत्या. आणखी तासभर मिळाला असता तर कोपरा साफ होता.

सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं. रात्री दुसऱ्याच्या धुऱ्यावरून शॉर्टकट मारू नका. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, पण काही जण तारेत सरळ खांबावरचा करंट सोडतात. तो डुक्कर अन् माणूस ओळखत नाही. टायर रबराचं आहे म्हणून वाचू, असं समजू नका. उतरून ओल्या जमिनीवर पाय टेकला अन् सायकलचं लोखंड तारेला लागलं की संपलं. असा करंट सोडणाऱ्याला समजावून सांगा, नाही ऐकलं तर गावात बोला. दीड पोतं मक्यासाठी शेजाऱ्याचं पोरगं जाऊ नये.

नुकसान झालंच तर लगेच फोटो काढा अन् वनखात्याकडं अर्ज करून पंचनामा करून घ्या. भरपाई मिळेपर्यंत दम लागतो, पण अर्जच केला नाही तर नुकसान कागदावर येतच नाही.

सायकल, पट्ट्या, पिशव्या, सगळं मिळून जो खर्च झाला तो एका रात्रीच्या नुकसानीपेक्षा कमीच असेल. यंदा रात्रपाळीच्या लाईटीला पाणी द्यायलाही हीच सायकल चालते आहे. शेजारचा जोडीदार आता सोबत येतो, त्याचीही सायकल आम्ही परवा अंगणात आपटून ऐकली. दोघं असलं की एक झोपतो अन् एक ऐकतो.

तुमच्या भागात जागलीला काय नेता, अन् ओझं कसं बांधता, ते जरूर सांगा. चणा निघायला अजून महिना आहे.