कात्री व तिचा पहारेकरी

मनुष्य आपल्या घराच्या भिंतींची जितकी चिंता वाहतो, तितकी आपल्या देहाच्या भिंतीची वाहत नाही. ही भिंत म्हणजे त्वचा होय. तिचा सर्वांत बाहेरचा थर कागदाहूनही पातळ; परंतु अंगातील ओलावा आत राखणे व रोगजंतूंना बाहेर थोपविणे ही दोन्ही कामे तो अहोरात्र करीत असतो. मृत पेशी या त्याच्या विटा, व स्निग्ध पदार्थ हा त्यांमधील चुना.

या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींस जोडलेल्या असतात. जुन्या पेशी झडून नव्यांस वाट मिळावी, म्हणून हे टाके उसविणाऱ्या कात्र्याही त्वचेतच असतात. त्यांना कॅलिक्रीन म्हणतात. पण कात्री मोकाट सुटली तर भिंतच ढासळावयाची! म्हणून लेक्टी नावाचे एक प्रथिन तिच्यावर पहारा करते. खोल थरांत ते कात्रीचे पाते घट्ट धरून ठेवते; पृष्ठभागाजवळ आम्लता वाढली, की मगच सोडते.

हा पहारेकरी ज्या बालकांस जन्मतःच लाभत नाही, त्यांची त्वचा लाल होऊन सोलत राहते. या दुर्मिळ रोगाचे वर्णन इटलीतील कोमेल यांनी १९४९ साली व अमेरिकेतील नेदरटन यांनी १९५८ साली केले; स्पिंक-५ या जनुकातील दोष हे त्याचे मूळ मात्र २००० साली उमगले. आता या कात्र्यांस आवरणारी रसायने शास्त्रज्ञ शोधीत आहेत. काम नाजूक आहे. अशाच घडणीच्या कात्र्या अन्नपचनात व रक्त गोठण्यातही लागतात. त्यांना धक्का लागता कामा नये. शिवाय त्वचेतील कात्री सर्वस्वी बंद पाडूनही भागत नाही. मग मृत पेशी झडणार कशा?

माझ्या धाकट्या भावास इसब आहे. त्याची कारणे अनेक व निराळी. तरी त्याचीही भिंत कच्चीच. साबणाच्या क्षाराने त्वचेची आम्लता घटते व कात्र्यांस जोर चढतो, म्हणून आई त्याला सौम्य साबणाने न्हाऊ घालते व अंग ओलसर असतानाच मलम लावते. घरी एवढी काळजी घेतली जाते. पण वर्गातील काही मुले, “आम्हांला लागण होईल,” म्हणून त्याच्या बाकावरून उठून जात. इसब संसर्गाने पसरत नाही. रोगाने त्याची त्वचा सोलली, त्याहून त्या शब्दांनी त्याचे मन अधिक सोलले.

जिव्हा हीदेखील एक कात्रीच आहे, व तिच्यावर पहारा ठेवण्यास कोणतेही रसायन शोधावे लागत नाही. वाचकहो, असा एखादा सोबती आपल्या शेजारी येऊन बसला, तर बाक सोडून उठू नका, एवढीच विनंती.