तादुसाकचे देवमासे

आमच्या आजोबांच्या काळीं समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. त्यांचेच नातू असून आम्ही मात्र गेल्या आषाढांत सहकुटुंब कॅनडांत मुलीच्या घरीं जाऊन राहिलों, व तेथून केवळ देवमासे पाहण्याकरितां तादुसाकपर्यंत गेलों. प्रायश्चित्त आम्हांसहि चुकलें नाहीं. तें कोणत्या पापाबद्दल, हें पुढें येईलच.

मॉन्ट्रियलहून सेंट लॉरेन्स नदीच्या कांठानें ईशान्येस दिवसभर मोटार हांकल्यावर साग्ने नदीचें मुख लागतें. तेथें पूल नाहीं. मोटारीसकट सर्वांस पार नेणारी तर आहे, व तिला उतारू पैसा देत नाहींत! पलीकडच्या तीरावर तादुसाक गांव. १६०० सालीं पिएर शोव्हाँ या फ्रेंच व्यापाऱ्यानें येथें केसाळ कातड्यांच्या व्यापाराचें ठाणें घातलें. १७४७ मध्यें बांधावयास घेतलेलें लांकडी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर अद्याप उभें आहे.

देवमाशांनीं हीच जागा कां निवडावी? अटलांटिक महासागराकडून येणारा, तीनशें मीटरांहून अधिक खोल असा एक दरा नदीच्या तळानें येथवर येतो व येथेंच एकाएकीं संपतो. भरतीच्या जोरानें त्यांतील थंड पाणी चढणीवरून वर उसळतें, आणि त्याबरोबर कोळंबीसारख्या इवल्या जीवांचे थवेच्या थवे वर येतात. प्रचंड देहाच्या देवमाशाचें अन्न तें हेंच. उन्हाळ्यांत येथें असें अन्नछत्रच उघडतें म्हणाना! कॅनडा व क्वेबेक या दोन्ही सरकारांनीं मिळून १९९८ सालीं येथील सुमारें १,२४५ चौरस किलोमीटर पाणी संरक्षित उद्यान म्हणून राखून ठेविलें.

दुसरे दिवशीं नौकेंत बसलों. जुलै महिना, तरी वारा असा कीं सौभाग्यवतींनीं दोन शाली गुंडाळल्या. तांबडें बेट व त्यावरील १८४८ सालचा दीपस्तंभ दूर दिसूं लागला, तोंच डाव्या हातास गोठ्यांतील म्हशीनें दीर्घ सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला. तो मात्र शंभर म्हशींचा! पाण्यांतून वाफेचा उंच स्तंभ उठला, काळी लांबलचक पाठ वर आली आणि संथपणें खालीं गेली. नीलवर्ण देवमाशाच्या खालोखाल मोठी गणली जाणारी ही जात.

“केवढा हा मासा!” आम्ही उद्गारलों.

“आजोबा, तो मासा नाहीं,” आठ वर्षांचा नातू म्हणाला. “आत्तां श्वास घेतला ना त्यानें? मासे असा श्वास घेतात का?”

आम्हांस एकदम आमच्या शाळेंतील एक तास आठवला. समासाच्या तासास ‘देवमासा’ शब्द फोडून दाखवीत असतां एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, देवमासा हा मासा नव्हे.” आम्ही अमरकोशाचा आधार काढिला, तेथें तिमिंगिल माशांच्या पंगतींत बसला आहे. मुलगा ऐकेना. उद्धटपणा समजून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. तो बोलला तें खरें होतें, आणि आमच्या कोशाभिमानास तें सोसलें नाहीं.

इतक्यांत दूर लाटांवर पांढरे ठिपके दिसले. ते ‘बेलुगा’ नांवाचे शुभ्र देवमासे. उतारू “जवळ चला” म्हणून ओरडूं लागले; नावाड्यानें उलट नौकेचें तोंड फिरविलें. यांच्यापासून चारशें मीटर दूर राहावें असा कायदा आहे. कित्येक उतारू चडफडले.

तिसरे दिवशीं साग्नेच्या कांठीं सेंत-मार्गरित उपसागराशीं पायीं गेलों. येथें उन्हाळ्यांत नौकांस मनाई. पाहणें तें कड्यावरून. खालीं सात-आठ बेलुगा स्वस्थ तरंगत होते, व एका पांढऱ्या मातेच्या कुशीस चिकटून राखी रंगाचें पिलूं पोहत होतें. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “बाळंतिणीच्या खोलींत परक्यानें शिरूं नये, तसेंच हें.”

याच प्राण्यांवर १९३० नंतरच्या दशकांत क्वेबेक सरकारनें बक्षीस लाविलें होतें! हे आपले मासे खाऊन टाकतात, अशी कोळ्यांची समजूत. शिकारीस बंदी झाली १९७९ सालीं. परंतु त्यांची संख्या अजून सांवरलेली नाहीं. समजूत चुकीची, शिक्षा निरपराध्यास. त्या कड्यावर उभें राहून हें वाक्य मनांत आलें, आणि तें एकट्या सरकारास लागू नव्हे हेंहि कळलें.

परत आल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो आतां स्वतः केस पिकलेला गृहस्थ आहे. “देवमासा हा मासा नव्हे, तुझें खरें होतें. आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें,” एवढेंच पत्रांत लिहिलें. उत्तराची अपेक्षा नव्हती, तरी आठवड्यानें आलें: “गुरुजी, बाकावरून खिडकीबाहेरचें आंब्याचें झाड छान दिसत होतें. राग नाहीं.”