खोटा मासा आणि नात्याची नदी

चमच्याने काय करतात? "श्रीखंड खातात!" असं तुम्ही एका सुरात ओरडाल. अगदी बरोबर. पण चमच्याने मासाही पकडतात, हे ठाऊक आहे का? एक गोष्ट अशी सांगतात, की अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल नावाचा एक मुलगा होडीत बसून जेवत होता. त्याच्या हातून चमचा निसटला आणि चमचम करत पाण्यात गेला. तेवढ्यात खालून एक मोठा मासा आला आणि त्याने चमच्यावर झडप घातली! मुलगा हुशार. घरी जाऊन त्याने चमच्याची दांडी कापली, त्याला गरी अडकवली आणि दोरी बांधली. झालं, गांडूळ नको, कोळंबी नको, खोटा मासा तयार! गोष्ट कितीही रंगवलेली असो, पुढे या ब्यूएलने 1852 साली अशा आमिषाचं पेटंट घेतलं, हे मात्र खरं.

हा खोटा मासा खिशात ठेवा आणि चला माझ्याबरोबर नाते गावाला.

महाडच्या नातेखिंडीतून रायगडाकडे निघालं, की वाटेत नाते लागतं. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, कारण सगळ्यांना गडाची घाई! पण या गावात 14 जानेवारी 1896 रोजी एक मोठा माणूस जन्मला : चिंतामणराव देशमुख. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. पैसा कसा राखावा, हे त्यांनी देशाला शिकवलं. आपण मात्र दुसऱ्याच एका ठेवीकडे बघणार आहोत. ती आहे इथल्या पाण्यात.

रायगडाला दोन नद्यांची सोबत आहे, एका अंगाला काळ आणि दुसऱ्या अंगाला गांधारी. गांधारीचं खोरं हेच नात्याचं खोरं. ती महाडजवळ सावित्रीला मिळते आणि सावित्री बाणकोटला समुद्राला. मे महिन्यात गांधारी बघाल तर "हीच का ती नदी?" असं म्हणाल. नुसते गोटे, मधूनमधून पाण्याची रेघ आणि कुठेकुठे डोह. नदीतले सगळे मासे त्या डोहांत जीव मुठीत धरून पावसाची वाट बघत असतात.

आणि मग मृग येतो! लाल पाणी धो धो वाहू लागतं. शेताच्या बांधांवरून पाणी उतरतं आणि मासे उलटे वर चढू लागतात. याला म्हणतात वलगण. घोटाभर पाण्यात, चक्क भाताच्या खाचरांत मासे सळसळतात. रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव पाण्यात. टोपल्या, पाग, हाताला लागेल ते घेऊन! वलगणीचे मासे कोकणात कुणाला आवडत नाहीत? पण हे मासे उथळ पाण्यात येतातच कशाला? आपल्याला भेटायला? छे! ते येतात अंडी घालायला. पहिल्याच रात्री सगळे टोपलीत गेले, तर पुढच्या वर्षी वर कोण चढणार?

हा प्रश्न तसाच हातात धरा. आता जरा खाडीकडे जाऊ.

खाली सावित्रीच्या खाडीत जिताडा असतो. रायगड जिल्ह्यात जिताडा म्हणजे मानाचा मासा. तो मोठा ऐटबाज असतो, खोडाआड दबा धरून बसतो आणि समोरून भक्ष्य गेलं की गपकन तोंड उघडतो. याची पिल्लं खाडीच्या खाऱ्या-मचूळ पाण्यात जन्मतात, गोड्या पाण्याकडे येऊन वाढतात आणि मोठी झाली की अंडी घालायला परत खाडीच्या तोंडाशी जातात. युरोपातला सागरी ट्राउट याच्या बरोबर उलटा! तो जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला परत नदीत येतो. डेन्मार्कमध्ये फ्यून नावाचं बेट आहे. तिथे लोक गुडघाभर समुद्रात उभे राहून खोट्या माशाने हे ट्राउट पकडतात. मोठ्ठे ट्राउट खोल पाण्यात असतील असं वाटतं ना? पण कोळंबी आणि बारके मासे काठाशी असतात, म्हणून संध्याकाळी अंधारलं की मोठेही काठाशी येतात.

पण मासा काही बुद्दू नाही! मग तो पत्र्याच्या तुकड्याला फसतो कसा? त्याचं असं आहे. चमच्याला बाक असतो. ओढला की तो सरळ येत नाही, डुलत येतो आणि चमकतो. जखमी मासाही असाच लडखडत पोहतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते. पाण्यातली बारीकशी थरथरसुद्धा तिला कळते. डोळ्याला चमक दिसली, कुशीला थरथर कळली, की मासा म्हणतो, "आला घास!"

उथळ पाण्यात मात्र मासा आपल्यालाही ओळखतो. काठावर धपधप पावलं वाजली, की तो पसार. आणि त्याला वरचं जग कसं दिसतं माहीत आहे? पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. त्यामुळे वरचं सगळं जग त्याला एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. ही खिडकी सुमारे 97 अंशांची. खाली वाकलेला माणूस या खिडकीच्या अगदी कडेला, चपटा, अस्पष्ट दिसतो. म्हणून जाणकार माणूस ओणवा होऊन, हळूहळू पावलं टाकत येतो. मांजर उंदरामागे जातं ना, तसा!

समजा, लागला गळाला मोठा मासा! घरी न्यायचा? इथेच खरी गंमत आहे. डेन्मार्कमध्ये 40 सेंटिमीटरपेक्षा लहान सागरी ट्राउट समुद्रात परत सोडावाच लागतो. ऑस्ट्रेलियातही जिताडा आहे, त्याला तिथे बारामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी परत सोडायचा नियम आहे. लहान सोडायचा हे कळलं, पण मोठा का सोडायचा? कारण जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते! म्हणजे सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्याच. एकेक मादी लाखो अंडी घालते. तिला मारलं, तर अख्खं पुढचं गोकुळच गेलं.

आता तुम्ही म्हणाल, "हे परदेशातले नियम. आपल्याकडे कोण पाळतं?" तर मग चला काळ नदीवर, बिरवाडीच्या पुढे वाळणला. तिथे वाळणकोंड नावाचा डोह आहे आणि काठावर वरदायिनी देवी. डोहातले मासे देवीचे, म्हणून त्यांना कुणी गळ टाकत नाही. वरून चुरमुरे टाकले, की हातभर लांबीचे मासे वर येतात. हा महसीर, आपल्याकडचा खडस. गळाला लागला तर दोरी तोडून पळणारा, जगभरच्या शिकाऱ्यांचा लाडका मासा! लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून याच्या कुळातल्या माशांची पिल्लं वाढवतात आणि ठिकठिकाणच्या पाण्यात सोडतात. पण वाळणच्या लोकांकडे ना प्रयोगशाळा, ना तलाव. त्यांनी एवढंच ठरवलं, की या डोहातला मासा मारायचा नाही. बस्स. नदी आटली तरी बी शिल्लक राहतं, आणि पावसात तेच नदीभर पसरतं.

याच्या उलट, काही जण डोहात दारूचा बार उडवतात किंवा विष कालवतात. 1897 सालच्या कायद्यानेच याला बंदी घातली होती. कारण बार काही बघत नाही लहान कोण आणि मोठा कोण. चार माशांसाठी तो अख्खा डोह रिकामा करतो. गळ निदान एकालाच बोलावतो, आणि त्याला परत सोडताही येतं.

एक सूचना मात्र विसरू नका. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, अगदी खऱ्याखुऱ्या! आणि पावसात ही नदी काय करते, ते जुलै 2021 च्या पुराने महाडकरांना दाखवलं. तेव्हा पाण्यात उतरायचं नाही. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, काठावर बसा आणि बघा.

पुढच्या वेळी रायगडला जाल, तेव्हा नात्याला थोडं थांबा. नदीकाठी वाका, अगदी हळू. डोहातून कुणीतरी त्या गोल खिडकीतून तुमच्याकडे बघत असेल. घरी आल्यावर आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी वलगणीला केवढाले मासे यायचे हो?" ते हात पसरून दाखवतील. तुमच्या नातवंडांना तुम्ही केवढे हात पसरून दाखवाल, ते ठरवायचं आहे आपणच!