गॅलापागोसच्या बेटांवर आठ दिवस

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात गॅलापागोस नावाची बेटे आहेत. सारी बेटे ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून वर आलेली. परदेशात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने हट्टच धरला, म्हणून आम्ही उभयतांनी तिच्यासोबत तिथे बोटीवर आठ दिवस काढले. १८३५ साली डार्विन याच बेटांवर पाच आठवडे फिरला होता.

बोटीवर प्रवासी सोळाच. बोट रात्री चालायची आणि सकाळी डोळे उघडले की समोर नवे बेट. रबरी होडीतून किनाऱ्याला लागायचे. परवानाधारक वाटाड्या सोबत असल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचे, त्यांना खायला घालायचे नाही. एका बेटाचे बी बुटाला चिकटून दुसऱ्या बेटावर जाऊ नये, एवढी काळजी! १९५९ पासून इथली ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान आहे.

चौथ्या दिवशी फर्नांदिना बेटावर उतरलो. हे सर्वांत तरुण बेट. त्याचा ज्वालामुखी मार्च २०२४ मध्येही उसळला होता. पीळ घातलेल्या दोरखंडासारख्या काळ्या खडकावर शेकडो समुद्री सरडे एकमेकांच्या अंगावर पडून ऊन खात होते. हे सरडे समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि अंगातले जादा मीठ नाकातून शिंकून उडवतात. पलीकडे एक पाणकावळा पंख वाळवत उभा होता. पंख कसले, आखूड थोटके! त्याला उडता येत नाही. इथे जमिनीवर शत्रू नव्हता, मासे किनाऱ्यालगतच होते. जे उत्तम बुडी मारत ते तगले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पंख आखडत गेले.

बेटांचेही तसेच. ती पश्चिमेला जन्मतात, भूकवचाबरोबर हळूहळू पूर्वेकडे सरकतात, झिजतात आणि लाखो वर्षांनी समुद्रात बुडतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सृष्टिकर्त्याची कल्पना का नाकारली, ते घरी अनेकदा वाचले होते. अनित्यता म्हणजे काय, ते त्या खडकावर उभे राहून पाहिले.

शेवटी सांताक्रूझ बेटावर आलो. इथे एका थंड खोलीत ‘लोनसम जॉर्ज’, म्हणजे एकटा जॉर्ज, या कासवाचा जतन केलेला देह ठेवला आहे. पिंटा बेटावरच्या कासवांतला हा शेवटचा. खलाशांनी जिवंत कासवे जहाजात भरून खाण्यासाठी नेली. पुढे माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी बेटावरचा चारा संपवला. २४ जून २०१२ रोजी जॉर्ज वारला आणि त्याचा वंश संपला.

कातडे काढून देह इतका हुबेहूब उभा करणे ही केवढी कला, असे आम्ही म्हणालो. तेव्हा वाटाड्याने सांगितले, की डार्विनला ही कला शिकवणारा माणूस एके काळी गुलाम होता. त्याचे नाव जॉन एडमन्स्टन. गयानातल्या मळ्यावर गुलामीत वाढलेला हा काळा माणूस स्कॉटलंडला येऊन मुक्त झाला. एडिंबरो शहरात तो विद्यार्थ्यांना पक्ष्यांचे कातडे काढून पेंढा भरायला शिकवत असे आणि त्याची फी घेत असे. १८२६ साली डार्विन त्याच्याकडे शिकला. त्याच विद्येमुळे या बेटांवरचे पक्षी टिकून इंग्लंडला पोचले. १८३७ मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी ते तपासून सांगितले, की यांत अनेक वेगळ्या प्रजाती आहेत. डार्विनच्या विचाराला तिथून वळण मिळाले. आत्मचरित्रात डार्विनने या गुरूच्या बुद्धीची तारीफ केली, पण नाव लिहिले नाही.

आम्ही गप्प झालो. मुलीने विचारले, “बाबा, काय झालं?” मग जे तिला कधीच सांगितले नव्हते ते सांगितले. तिचे पणजोबा गावात मेलेली गुरे ओढायचे, कातडे काढायचे. सुरी अशी चाले, की कातड्याला कुठे भोक पडत नसे. पण त्या हातचे पाणी गावात कोणी प्यायले नाही. बाबासाहेबांचा शब्द गावात पोचला आणि त्यांनी सुरी खाली ठेवली. ते योग्यच केले. जन्माने लादलेले काम सोडलेच पाहिजे. आम्ही मात्र कोणी विचारले तर “आजोबा शेतमजूर होते” असे सांगत आलो.

काम हलके नव्हते. ते जातीला बांधणारी व्यवस्था हलकी होती. तेच काम तिकडे शास्त्र ठरले, इकडे विटाळ ठरले.

मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पणजोबांचं नाव काय होतं?” त्या रात्री बोटीच्या डेकवर बसून तिने ते नाव वहीत लिहून घेतले. बांधवहो, मुलांना डार्विनची गोष्ट सांगाल तेव्हा जॉन एडमन्स्टनचे नावही सांगा, आणि आपल्या आजोबा-पणजोबांचेही. जय भीम!